बत्तीस बोअरचे काडतूस आणि रणजीतचा मांडव

मी, नेमसिंग लखमा राठोड, वय वर्षे शहात्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नी भिकाबाईचे मत याहून निराळे असले, तरी ते येथे ग्राह्य धरू नये.

१. राहते घर भिकाबाईचे. हळदीचे शेत मुलगा संतोष व मुलगी संगिता यांस समान वाट्याने. संगिता मागणार नाही, म्हणूनच लिहून ठेवतो.

२. माझे परवान्याचे रिव्हॉल्व्हर व उरलेली काडतुसे माझ्या मृत्यूनंतर संतोषने विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावीत. वारस म्हणून परवाना मागू नये. प्रत्येक निवडणुकीत ते तेथेच जमा होत असल्याने त्यास त्या जागेची सवय आहे. परवाना स्वसंरक्षणार्थ होता. परंतु माझ्यावर हल्ला करावा, इतके महत्त्व मला कोणीच दिले नाही.

त्याचे हे बत्तीस बोअरचे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जन्मले. पोलिसांनी पुढे ते दुबळे म्हणून टाकले. नेमबाजांनी झटका कमी म्हणून ठेवले. सैन्याचे काडतूस सामान्य नागरिकास वर्ज्य, म्हणून आमच्या वाट्यास हे आले. गोळी शिशाची, ध्वनीहून मंद. मीही ते खेळणेच समजत होतो.

पुढे हळदीत रानडुक्कर शिरले. त्यास पिटाळण्यासाठी मी हवेत बार काढला. हवा एवढी प्रशस्त असूनही तो माझ्याच विहिरीवरील मोटारीच्या पत्र्याच्या खोलीस लागला: एका पत्र्यातून आत, दुसऱ्यातून बाहेर, वाटेत स्टार्टर. डुक्कर उकरतच राहिले. भिकाबाई म्हणाली, "काहून भेव दाखवून राहिले, गुरुजी? त्याला हसू येऊन राहिलं!"

३. नातू रणजीत म्हणतो, "आजोबा, माझ्या लग्नात एकच बार. बत्तीसनं काय व्हतंय? डुक्करबी मरत न्हाई." डुकरापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु मांडव पत्र्याहून पातळ असतो, आणि त्याखाली लेकरे जेवायला बसतात. त्याच्या लग्नापूर्वी माझे डोळे मिटल्यास त्यास अडवणारे कोणी नसेल. सबब कलम दोन.

४. रणजीतला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही. म्हणूनच तो साक्षीदार होण्यास सर्वथा पात्र आहे. त्याने प्रत्येक ओळ वाचूनच सही करावी.

स्थळ : डोंगरकडा
दिनांक : ९ डिसेंबर २०२५
(सही) नेमसिंग लखमा राठोड

आमच्या समक्ष सही झाली :
१. (सही) धम्मानंद किशनराव खिल्लारे, शेजारी
२. (सही) रणजीत संतोष राठोड. सगळं वाचलं. बार न्हाई, बँड लावतो. तुमी तेवढं नाचायला ऱ्हावा.