धुरपताची अट

११ फेब्रुवारी, वर्धा
अट घातली आहे बाईसाहेबांनी!

आठ दिवस माझ्या धाकट्या बहिणीचा, धुरपताचा एकच हेका होता, ऑपरेशन करणार नाही. गालाचा कॅन्सर आहे. चोवीस तारीख मिळाली आहे. डॉक्टर उजवीकडचा जबडा काढणार, पुढे कित्येक महिने पातळ खाणं. "मराचंच हाय तं अख्ख्या तोंडानं मरीन," म्हणते. तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, आता तोंडाची काळजी!

आज अल्लीपूरहून तिचा फोन. "बाई, मले समुद्रातली ताजी मासोळी खाऊ घाल. समुद्राच्या काठावर बसून. मंग काय कापाचं ते काप म्हना त्याहिले."

मी म्हटलं, ठीक. शब्द फिरवायचा नाही.

१२ फेब्रुवारी
डॉक्टरांना विचारलं. एकविसाच्या आत परत या म्हणाले. तिचा मुलगा रजत म्हणतो, "मावशी, आई लहान हाय का तू? काऊन तिचे लाड करून राह्यली?" दोन तिकिटं काढली. रत्नागिरी.

१५ फेब्रुवारी, रत्नागिरी
पोचलो. धुरपतानं समुद्र बघितला. मग म्हणाली, "एवढं पानी, अन् प्याले नाई." पुरे झालं कौतुक. जेवायला नेलं.

वेटरला बजावून सांगितलं, तिखट अजिबात नको. तो हसला. "विदर्भातल्या ना तुम्ही? तुम्हाला चालतं हो!" सुरमई आली ती लालभडक. धुरपतानं एक घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी. तिच्या तोंडात आधीच जखम, त्यात हे. मी थेट आचाऱ्यापाशी गेले. चांगलं सुनावलं. तो बिचारा म्हणाला, ताई, दुसरी बिनतिखटाची देतो. पण ती खाईचना. नुसता भात कालवून खाल्ला.

वेटरनं जाता जाता विचारलं, "मग बोंबील आणू का?" मी ओरडलेच त्याच्यावर. हिला चावता येत नाही आणि हा बोंबील देतो!

पहिला दिवस वाया.

१६ फेब्रुवारी
दुसरी खानावळ. खेकडे. हिचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, म्हणून मी नांग्या फोडून, कोरून, एकेक धागा वाटीत काढत बसले. पाऊण तास. हात रक्ताळले. धुरपता चमच्यानं खात होती आणि मला हसत होती.

"बाई, तू मास्तरीन होती का हवालदार?"
"गुपचूप खा."
"खाऊन राह्यली न! शाळेतल्या पोरायले बी असंच खाऊ घालत होती का?"

चार चमचे खाल्ले. मग गाल धरून बसली. इथेही वाढणारी बाई विचारायला आली, बोंबील देऊ का. काय लावलंय या लोकांनी! नको म्हणजे नको.

संध्याकाळी वाळूत बसलो. ती म्हणाली, "आपन दोघी कधी गेलो बाई कुठी?" मी आठवत राहिले. दवाखाने, लग्नं, मयती. बाकी काही आठवलं नाही. मी बी.ए. करत होते तेव्हा ही लोकांच्या शेतात निंदणाला जात होती. हेही आठवलं.

तिच्या पिशवीतून खर्ऱ्याच्या दोन पुड्या काढून फेकल्या. भांडण झालं.

१७ फेब्रुवारी
उद्याची गाडी. आज शेवटचा दिवस. ही धड जेवल्याशिवाय मी जाणार नव्हते!

बंदराजवळ एका बाईची छोटी खानावळ. मी उभ्या उभ्याच सांगितलं: तिखट नको, कडक नको, काटा नको, आणि बोंबील तर मुळीच नको. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "तुम्ही बोंबील खाल्लाय कधी?"

"जन्मभर! बाजारात पोत्यावर ढीग असतो. दगडानं ठेचल्याशिवाय तुटत नाही."

"तो सुका हो, ताई! हा बघा ओला."

ताटात आणून दाखवला. पांढरा, लुळा, हातात धरवेना असा. साठी उलटली माझी, आणि बोंबील आधी ओला असतो हे डोक्यातच आलं नाही! दोन दिवस मीच नको म्हणत होते.

बाईनं नुसतं मीठ-हळद-नारळात शिजवला. धुरपतानं जिभेवर ठेवला. चावलाच नाही. डोळे मिटले. "लोनी हाय बाई, लोनी." सहा खाल्ले! वर वाटी पुसली. मग मला भरवायला लागली, लोकांसमोर. मी खाल्ला.

बाईनं रात्रीसाठी बोंबलांची पुडी बांधून दिली. मी दिलेले पैसे घेईना. जबरदस्तीनं ठेवले.

२० फेब्रुवारी, वर्धा
परत आलो. धुरपता प्रवासभर झोपली. आता मागे फिरू देणार नाही.

२३ फेब्रुवारी
आज भरती केलं. संमतीच्या कागदावर सही घ्यायला मी पेन काढूनच उभी होते. नर्स म्हणाली, "यांची सही झाली आहे की. मुलासोबत रक्ताच्या तपासणीला आल्या, तेव्हाच."

कागद बघितला. वाकडीतिकडी सही. तारीख १० फेब्रुवारी. अट तिनं मला अकराला घातली.

मी वळून बघितलं. धुरपता भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडली होती.