ज्ञानकोशात नसलेलं दुकान

कोल्हापूर

अब्बा, सलाम.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कसा आहे? कापूस पिंजताना तोंडाला फडकं बांधता ना? अम्मी फोनवर नीट सांगत नाही.

माझा एम.ए.चा प्रबंध आपल्या भागातल्या पिंजाऱ्यांवर आहे. इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात वाचलं, गारगोटीकडे आता एकही पिंजारी उरला नाही. तिथं कुणालाही भर घालता येते, म्हणून मी लिहिलं, माझे वडील आजही पिंजतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते काढून टाकलं. छापील आधार द्या म्हणे.

मी रडवेली झाले, तर आमच्या मॅडम हसल्या. "ज्ञानकोश वाच की, पण तिथंच थांबू नको. आधार मागतात ते बरोबरच हाय. वडलांना विचारून नीट लिही, आपण छापू. मग ते तुझाच आधार देतील."

म्हणून शनिवारी येते, तुमच्या पिंजायच्या दुकानातच बसेन. कॉलेजात बापाचा धंदा सांगू नको, असं तुम्ही बजावलं होतं. फोनवर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. अब्बा, प्रबंधात मला तुमचं पूर्ण नाव घालायचं आहे. घालू द्याल ना?

तुमच्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
आफशीन