आईची गरमी

बाबा, जिवंत होतात तेव्हा तुम्हाला अहोजाहो करायचो. आज तू म्हणतो. एका शब्दापायी ज्याने माझ्या आईला परकं केलं, त्याला मान द्यायला मला कुणी शिकवलं नाही. कॉलेजात शिकवणार असतील, पण ते मी अर्ध्यावरच सोडलं.

संप चालू होता. गिरणीचं फाटक बंद, तू खाटेवर, आणि आई लालबागहून फणसवाडीत लोकांच्या पोळ्या करायला जायची. एकदा दवाखान्यात ती कंपाउंडरला म्हणाली, "माका गरमी होता." तिला एवढंच सांगायचं होतं, की छातीतून एकदम आग उठते, तोंड लाल होतं, पोलकं भिजतं आणि मग हुडहुडी भरते. तो सगळ्यांसमोर खेकसला, "गरमी? मग नवऱ्याला घेऊन ये!" आईच्या आधी तो शब्द चाळीत पोचला. गरमी म्हणजे बाहेरून लागलेला घाणेरडा रोग, एवढंच तुला ठाऊक. तू विचारलंस, "फणसवाडीत पोळ्योच करतंस मां?" बस्स. त्या दिवसापासून तू भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलास, ते थेट मरेपर्यंत. आई पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. तिने आपला पेला वेगळा केला. तू गेलास, पुढे कधीतरी तिची आगही विझली, पेला मात्र वेगळाच राहिला.

परवा ती घरी आली होती. कोण ते तुला कशाला सांगू? भोईवाड्यात राहते, नर्सिंग शिकते, आणि तिच्यापायी मी हॉस्पिटलच्या फाटकाशी खांबासारखा उभा असतो. पाणी प्यायला तिने नेमका तोच पेला उचलला. आई ओरडली, "त्यातसून नको गो! माका गरमी आसा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र आईजवळ बसली. काय व्हायचं, पाळी मागेपुढे व्हायची का, झोप उडायची का, सगळं विचारून घेतलं आणि हसली. "काकू, ही ती गरमी नव्हे. पाळी जायच्या वयात बायकांना होतं असं, काहींना वर्षानुवर्षं. डॉक्टरांकडे औषध असतं त्यावर. फक्त पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत अंगावरून गेलं, तर लगेच दाखवायचं." मग माझ्याकडे वळली, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आईला तरी विचारायचंस रे!"

"म्हणजे माका ता नव्हताच?" आई पुन्हा पुन्हा विचारत होती.

ती गेल्यावर मी तुझा फोटो भिंतीकडे फिरवला. घे, बघ भिंत. फोडणारही होतो. आईने तो पेला सगळ्यांच्या भांड्यांत नेऊन ठेवला आणि म्हणाली, "सरळ कर त्यांका. आता बघूंदेत माज्या तोंडाकडे."

सरळ केला. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते बरंच आहे. कारण दुपारी आडवा झालो तेव्हा लक्षात आलं, मीही लहानपणापासून भिंतीकडेच तोंड करून झोपतो. कूस बदलली. झोप लागली नाही.