फेरे मिनिटाला ५४००

३ मार्च, सोमवार
साधनाला लॅपटॉप घ्यायचं ठरलं. पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन टेस्ट आहे, बारा तारखेला सकाळी दहाला, घरूनच द्यायची. पास झाली की पोरीला नोकरी. निवड मीच करणार. बावीस वर्षं वसमतच्या मोंढ्यात हळदीची पारख करतोय, हातात घेतलं की माल कळतो.

४ मार्च
दुकानदार दिपकनं दोन लॅपटॉप दाखवले. एक हलका, एसएसडीवाला. दुसरा जड, हार्ड डिस्कवाला, गेल्या वर्षीचा पीस. दोन्ही तोलून बघितले. हलका म्हणजे पोचट माल. दिपक म्हणे, काका, एसएसडी लई फास्ट हाय, तुमी हे जुनं काहून घेऊन राहिले? मी विचारलं, मिनिटाला फेरे किती? म्हणे, ती फिरतच न्हाई. हार्ड डिस्कवाल्याच्या खोक्यावर छापलंय, ५४०० फेरे! जी फिरतच नाही ती फास्ट कशी? साधना काहीतरी सांगत होती, मी हातानंच थांबवलं. जडवाला घेतला. दिपकनं बिल फाडायला घेतलं. पटलं असावं.

५ मार्च
७.१० ला बटण दाबलं, ७.१९ ला चालू. भरीव मालाला वेळ लागतोच. साधना तोंड फुगवून बसली.
चालू असतानाच उचलून कानाशी हलवला, वाळलेली हळकुंडं खुळखुळवून बघतो तसा. आत घुर्रर. फेरे चालू आहेत. समाधान.

८ मार्च
रोज दोनदा हलवून तपासतो. आज घुर्ररमध्ये बारीक टकटक. मशीन सेट होत असेल. साधना ओरडली, पप्पा, चालू असताना हलवू नका, डिस्क खराब होईल. बायको म्हणे, कळत न्हाई तर इचारावं माणसानं. दोघी एका पार्टीत.
संकल्प : उद्यापासून दिवसातून एकदाच हलवणार.

११ मार्च
उद्या टेस्ट. शेवटची खात्री म्हणून जरा जोरात हलवला. घरात कोणी नव्हतं. टकटक वाढली. लाइट कमी-जास्त होतेय, त्याचाच दोष. बंद करून विश्रांती दिली.

१२ मार्च
९.०५ चालू केला.
९.२५ निळा पडदा.
९.४० काळा पडदा, त्यावर पांढरं इंग्रजी. टकटक टकटक. साधना पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. मी म्हटलं, गरम होऊ दे.
९.५० दिपकला फोन. म्हणे, डिस्क गेली, काका, आपटली का? मी म्हटलं, छे, आम्ही कशाला आपटू.
९.५५ शेजारच्या रणजीतकडे पळालो, त्याच्याकडे लॅपटॉप आहे. घराला कुलूप. तो हिंगोलीला.
मोबाइलवर ही टेस्ट चालत नाही म्हणे. १०.३० ला लिंक बंद. साधना आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

१३ मार्च
कंपनीचा मेल : सहा महिन्यांनी परत अर्ज करा. चीड आली. दिपकनं खराब पीस गळ्यात मारला, असं बायकोला सांगितलं. ती उठून साधनाच्या खोलीत गेली.

१६ मार्च, रविवार
मायलेकी मला न सांगता दिपककडे जाऊन हलकावाला घेऊन आल्या. बारा सेकंदांत चालू झाला. मी दाराआडून मोजले.
साधना रागावली असती तर बरं झालं असतं. नेहमीसारखं जेवायला वाढते, पाणी देते. फक्त मी खोलीत गेलो की लॅपटॉप बंद करून छातीशी धरते.
पोरीचे सहा महिने माझ्यामुळे गेले. आज ते तिला सांगायला गेलो, समोर बसलो, तोंड उघडलं आणि विचारलं, बॅटरी किती टिकते?