उसना डिफेन्डर

२ जुलै
ब्रुसेल्सच्या मोठ्या क्लबने मला वर्षभरासाठी वेस्टरहाउटच्या क्लबला उसनं, म्हणजे लोनवर, दिलंय. सेकंड डिव्हिजन. वाईट वाटलं नाही. मोठे क्लब आपला माल असाच बाहेर पिकायला ठेवतात. आई म्हणाली, "लोवी, शेजारणीला उसनी दिलेली साखर कोणी परत मागायला जात नाही रे." आईला फुटबॉलमधलं कळत नाही. तिचं सलून आहे.
संकल्प : मैदानावर भावना शून्य. सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या डिफेन्डरला, भावना परवडत नाहीत.

१९ जुलै, दुपारी
क्लबने फ्लॅट दिला. सोबत जोएल इलुंगा. लिएजचा, वय एकोणीस, तोही सेंटर बॅक. सारखा हसतो, सारखा आईला फोन. ट्रेनिंगमध्ये पास चुकला की डोक्याला हात लावून बसतो. मी समजावलं, एवढं मनाला लावून घेतलंस तर या धंद्यात टिकणार नाहीस. तो म्हणाला, "बरं दादा. भात खाणार का?"
पोरगा चांगला आहे. त्याला घडवावं लागेल.

९ ऑगस्ट
पहिली मॅच. बेंच. कोच देवुल्फ मला राखून ठेवताहेत. हुकमाचं पान कोणी पहिल्याच हाताला टाकत नाही.
जोएल खेळला. ठीक.

३० ऑगस्ट
बेंच. राखून ठेवणं चालू आहे.

२१ सप्टेंबर
आज उतरलो! कॅप्टन रूडी तापाने झोपला म्हणून. हाफ टाइमला बाहेर काढलं. गोल झाले, पण स्पष्टपणे माझ्या बाजूने एकच. देवुल्फ ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "लोवी, तू उभा फार छान राहतोस. अगदी दीपस्तंभ. समोरच्या टीमला गोलचा रस्ता लांबूनच दिसतो."
माझ्या पोझिशनिंगचं कौतुक पहिल्यांदाच झालं.

१२ ऑक्टोबर
फ्रँकीला, म्हणजे माझ्या एजंटला, फोन केला. उचलला नाही. बडे एजंट सीझनच्या मध्यात उचलत नाहीत.
गुडघा किंचित दुखतो. न वापरल्यामुळे असेल.

६ डिसेंबर
सिंट निकोलासचा, म्हणजे शहाण्या पोरांना खाऊ देणाऱ्या संताचा सण. दरवर्षीप्रमाणे रूडी लाल झगा घालून, दाढी लावून आला आणि प्रत्येकाची पोरासारखी हजेरी घेतली. जोएलला म्हणाला, "हा फार दंगा करतो, पण याला दोन बिस्किटं द्या." माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, "लोवी शहाणा मुलगा. वर्षभरात शर्ट एकदाही मळवला नाही." सगळे पोट धरून हसले. कपडे धुणाऱ्या गोदेलीव्हबाई म्हणाल्या, "चिडवू नका रे त्याला. मला तर त्याचाच आधार आहे."
मीही हसलो. ग्रुपमध्ये मिसळणं महत्त्वाचं. बिस्किट मऊ पडलेलं होतं.

१५ जानेवारी, संध्याकाळी
आज जे झालं ते शांतपणे लिहितो. अंडर-ट्वेंटीवन राष्ट्रीय टीमच्या मॅनेजरचा फोन आला. मला. नाव विचारून खात्री करून घेतली. मी उभाच राहिलो. म्हणालो, सर, मी कुठल्याही बाजूने खेळतो. ते म्हणाले, "छान छान. जोएल इलुंगाचा फोन लागत नाहीये. तुम्ही एकत्र राहता ना? त्याला निरोप द्याल?"
दिला. जोएल स्वयंपाकघरात नाचला, मग ओट्यावर डोकं ठेवून रडला, मग मला मिठी मारली. म्हणाला, "दादा, तुझ्यामुळे." खरंच आहे ते.
त्यांच्याकडे आता माझा नंबर आहे. ही मोठी गोष्ट.

८ फेब्रुवारी
माझी गर्लफ्रेंड एलीन सोडून गेली. कॉफी पिता पिता सांगितलं. म्हणाली, "तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं." तिच्या नकळत तिने डिफेन्डरबद्दल सगळ्यात मोठी गोष्ट बोलून टाकली. थँक्यू म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कोट घेऊन गेली.
तिची कॉफी उरली होती. प्यायलो. गार होती.

५ एप्रिल
आई मॅच बघायला आली. सलून बंद ठेवून. बेंचच्या मागेच जागा मिळाली तिला. मी चारदा वॉर्म अप केला, सगळा तिच्यासमोर. एकदा कंबर जास्तच वाकवली. मॅचनंतर तिने डब्यातून वॉफल आणले होते ते दिले. एवढंच म्हणाली, "तिथे बसून पाय गारठत नाहीत का रे? जाड मोजे आणू?"
नको म्हणालो. गारठतात, पण कळत नाही.

१७ मे
लिहायचं की नाही ठरत नव्हतं. लिहितो.
शेवटची मॅच, घरचं मैदान. बरोबरी झाली तरी वेस्टरहाउट फर्स्ट डिव्हिजनमध्ये जाणार. गाव सगळं आलेलं. एक-एक. मॅच संपायला आलेली असताना जोएलच्या पायात गोळा आला आणि देवुल्फनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग बाकीच्यांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाले, "जा. काही करू नकोस. फक्त मध्ये उभा राहा."
डावीकडून क्रॉस आला. रूडी ओरडला, "सोड!" मला वाटलं, "तोड!" उडी अचूक. टायमिंग सुंदर. बॉल बरोबर कपाळाच्या मध्यावर. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं हेडर. फक्त गोलपोस्ट आपला होता.
एवढं भरलेलं मैदान इतकं गप्प होऊ शकतं हे माहीत नव्हतं. कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं.
जोएल लंगडत आला, मला धरून हमसून हमसून रडायला लागला. मी त्याला म्हणालो, कंट्रोल. देवुल्फ काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तांत्रिक दृष्टीने वाटतं.

१० जून
फ्रँकीने फोन उचलला. म्हणाला, मोठा क्लब करार वाढवणार नाही, वेस्टरहाउटलाही मी नको. मी विचारलं, परदेशातून काही? तो म्हणाला, "लोवी, बाळा, घरी जा. थोडी झोप काढ." पुढे म्हणाला की तो आता जोएलचंही काम बघतो, घाईत आहे.
झोपलो.

२० ऑगस्ट
आईच्या गावचा हौशी क्लब. आठवड्यातून दोनदा, सगळे नोकरीवरून सुटल्यावर सराव. मैदानाला लागून बिटाचं शेत. अनुभवी माणसाची यांना गरज आहे. संकल्प : वर्षभरात पुन्हा वर.
कॅप्टन स्टेन, प्राथमिक शाळेत मास्तर. बूट बांधता बांधता त्याने विचारलं, आधी कुठे होतास? ब्रुसेल्सला, म्हणालो. तो म्हणाला, "मी वेस्टरहाउटवाला. वडिलांबरोबर लहानपणापासून जातो. या मे महिन्यात, काय सांगू तुला, हातात आलेली मॅच. शेवटी एक गाढव उतरला आणि हेडर मारून आपल्याच जाळ्यात. म्हाताऱ्याला यंदा तरी वरच्या डिव्हिजनमध्ये टीम बघायची होती. जुलैत गेला तो. काय रे नाव होतं त्या पोराचं? लांबलचक आडनाव. बघितलीस का ती मॅच?"
सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही बघितली."
"बरं झालं," तो म्हणाला, आणि मला सरावाच्या सुट्या गोलपोस्टची दुसरी बाजू धरायला सांगितली. आम्ही दोघांनी तो उचलून मैदानाच्या टोकाला नेला. वाटेत दोनदा मला तो खाली ठेवावा लागला. त्याला वाटलं, वजनामुळे.