देवमाशासाठी धरलेली जागा

जानेफळ,
रविवार

प्रिय सिंधूताई,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा आता तुझं ऐकत असेल आणि नातवाने नवा चष्मा अजून मोडला नसेल, असं धरून लिहितो. (फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि अर्धं वडनेर भोलजी ऐकतं.)

मयुरीने पहिल्या पगारवाढीत आम्हा आईबापांना चेन्नईहून श्रीलंकेची जहाजाची सफर दिली, तेव्हा निघताना तू माझ्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकून म्हणालीस, "माझ्या वाट्याचा देवमासा पाहून येजो बे." चौथीतला देवमाशाचा धडा तुला तोंडपाठ होता, आणि मला सांभाळायला म्हणून तुझी शाळा सुटली तीही त्याच धड्यापाशी. म्हणून त्रिंकोमालीला जहाज दिवसभर थांबणार हे कळताच मी ठरवलं, बाकी काही राहिलं तरी चालेल, देवमासा राहता कामा नये.

सकाळी धक्क्यावर नावा लागल्या होत्या. नाववाल्याची भाषा मला येईना, माझी त्याला. त्याने हाताने पाण्यातून वर येणारा मासा दाखवला, मी दोन बोटं दाखवली, झालं बुकिंग. बेबी मागून सावकाश येत होती (तुझी भावजय, तुला माहीतच आहे). आता जागा कशी धरायची? आपला जन्म मेहकरच्या स्टँडवर गेला. खिडकीतून दुपट्टा टाकला की जागा आपली, मग तहसीलदार येवो. खिडकी नव्हती, म्हणून काठाच्या दोन जागांवर दुपट्टा पसरला आणि निर्धास्तपणे बेबीला आणायला गेलो. परत आलो तर नाव दूर गेलेली, आणि दुपट्ट्याचं टोक वाऱ्यावर हलून मलाच निरोप देत होतं. एस.टी. हाकेला थांबते. आम्ही हाका मारल्या. समुद्रात तशी पद्धत नाही.

चार तास धक्क्यावर बसलो. बेबी म्हणाली, "मानूस राह्यला इथं, न् दुपट्टा गेला फिरायले!"

नाव परतली तेव्हा आमच्याच जहाजावरच्या, अकोल्याच्या अन्नपूर्णाबाई उतरल्या आणि ओला दुपट्टा माझ्या हाती दिला. "दोघं जण बसाले आलते भाऊ. म्या म्हटलं, दुपट्टा टाकेल हाये, दिसत नाही काय? कोणाले बसू नाही देलं!"

मी भीत भीत देवमाशाचं विचारलं.

"त्याच बाजूले तं निघाला! असा फवारा उडाला म्हणता!"

म्हणजे ताई, जागा पक्की राहिली, बसणारे राहिले. पण मी परतीच्या वाटेवर खूप विचार केला. दुपट्टा तुझा, देवमासाही तुझ्या वाट्याचा. दोघांची भेट झाली, मी मध्ये आलो नाही एवढंच. दुपट्टा सोबत पाठवतो. धुतलेला नाही, मीठ दिसेल.

तुझा लहाना,
इंद्रभान

ता. क. रोज खोटं न बोलण्याचं शील घेतो आणि वर खोटं लिहिलं. बेबी केव्हाची फाटकाशी तयार उभी होती. एवढं पाणी पाहून मीच घाबरलो, आणि तिला थांबवून भिंतीआड बुद्धवंदना म्हणत बसलो. पूर्ण, आणि दोनदा. हाकाही एकट्या बेबीनेच मारल्या.

आणखी ता. क. गावात सगळे विचारतात, देवमासा कसा होता? मी "मोठा" म्हणतो. यात खोटं काही नाही. पण शाळेच्या उत्तमराव गुरुजींनी शनिवारी चौथीच्या मुलांना देवमासा सांगायला बोलावलं आहे, आणि 'मोठा'च्या पुढे मला काही येत नाही. तुला धडा अजून पाठ आहे. त्या वर्गात तूच उभी राहा, मी मागे मुलांत बसतो. म्हणून दुपट्टा आता पाठवत नाही, घेऊनच येतो. शुक्रवारी तुला न्यायला येतो, परतताना नांदुऱ्याच्या स्टँडवर खिडकीची जागा धरावी लागेल. या वेळी दुपट्ट्यावर मी स्वतः बसून राहीन.