जास्वंदीची काडी

आटपाडी, श्रावण १९४६

पाचगणीच्या बंगल्यावरल्या माळीबुवांस,

आवं, तीन वर्सांमागं मला माहेरी धाडताना तुमी जास्वंदीची काडी हातात दिलीत. “तिरपा काप मातीत घाल. फूल आलं की न्यायला येतो,” म्हणालात.

तुमच्याच हाताखाली मी चार वर्सं खुरपं धरलं. तिरपा काप खाली धरून काडीचे डोळे, कोंब फुटायच्या जागा, बघितले, तर ते खाली तोंड करून. काप बुडाला मारायचा, तुमी शेंड्याला मारला व्हता; तशी लावली तर काडी कुजते, फूल येतच न्हाई. माळ्याच्या हातून अशी चूक व्हत न्हाई.

मी काडी उलटी करून लावली. आता लालभडक फुलं येत्यात. बायका मागायला येत्यात, त्यांना काड्या देते, काप बुडालाच मारून.

हे पत्र धाडलं, तर बोलल्यापरमानं तुमाला यावं लागंल.

म्हणून धाडत न्हाई.

बनाबाई